रिफंड २६,२०० च आला, मग रिटर्नमध्ये दाखवायचं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२३-२४ चा आयकर ६०,००० झाला, टीडीएस (मिळकतीतून आधीच कापला जाणारा कर) १ लाख कापला गेला होता, रिटर्न जुलैत वेळेत भरलं. ४०,००० परत यायला हवे होते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये खात्यात २६,२०० च जमा झाले. आता २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये काय दाखवायचं?

४०,००० कुठेच दाखवू नका. ते तुमचेच पैसे होते, त्यांच्यावर कर आधीच झालेला आहे. दाखवायचं ते फक्त व्याज. आयकर कायद्याच्या कलम २४४ए प्रमाणे महिन्याला अर्धा टक्का, १ एप्रिल २०२४ पासून. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, म्हणजे १,२००. हे 'इतर उत्पन्न' मध्ये जातं, रिफंडवरच्या व्याजाची तिथे वेगळी ओळ आहे. ८०टीटीएची, म्हणजे बचत खात्याच्या व्याजावरची वजावट याला लागू नाही. बचत खात्याच्या व्याजात हे मिसळलेलं मी बऱ्याच जणांच्या रिटर्नमध्ये पाहिलंय. (रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याजच मिळत नाही.)

आता कमी आलेल्या पैशांचं. रिफंड आणि व्याज मिळून ४१,२०० मधून २६,२०० वजा केले की बरोबर १५,००० उरतात. एवढी गोल रक्कम म्हणजे बहुतेक जुनी डिमांड (आधीच्या एखाद्या वर्षाची कर खात्याने काढलेली थकबाकी) वळती केलेली असणार, कलम २४५ खाली. १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून कर खातं पाठवतं ती सूचना, उघडून बघाच. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. रिफंड, व्याज आणि वळती रक्कम त्यात वेगवेगळी दिसते. खात्यात कमी आलं तरी व्याज पूर्ण १,२०० च धरायचं, कारण ते तुम्हाला मिळालं आणि त्यातूनच तुमचं देणं फिटलं. एआयएसमध्येही (कर खात्याकडे असलेल्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या विवरणात) तोच आकडा ताडून घ्या.

वळतं करण्याआधी आयकर पोर्टलवर सूचना येते आणि उत्तराला २१ दिवस असतात. माझ्या आईच्या बाबतीत ती ईमेल जुन्या पत्त्यावर गेली आणि मुदत टळली. डिमांड चुकीची होती, एका बँकेने टीडीएस तिच्या पॅनवर चढवलाच नव्हता. ते निस्तरायला आठ महिने गेले आणि त्या वयात तिला फार मनस्ताप झाला. म्हणून कळकळीने सांगतो, आजच 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स' मध्ये जाऊन जुनी डिमांड कुठल्या वर्षाची आहे ते बघा, आणि पटत नसेल तर तिथेच असहमती नोंदवा.

जास्तीचा कर पुढच्या वर्षात ओढता येतो का, हेही विचारलंत. अमेरिकेत १०४० फॉर्मवर तशी सोय आहे. आपल्याकडे नाही, रिफंडच घ्यावा लागतो.