चार्जर लावला की किर्र, काढला की गप

घरी कंप्युटरवर संगीत करणाऱ्या वाचकांची या वेळची पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त वायरींचीच रडगाणी. सॉफ्टवेअर सगळ्यांना जमतंय, घोडं अडतंय ते प्लगपाशी. त्यातली चार घेतली आहेत.

प्रश्न : लॅपटॉप, यूएसबीवरचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि दोन मॉनिटर स्पीकर एवढाच माझा पसारा. चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक किर्रर येतं, माउस हलवला की त्याचा सूर बदलतो, चार्जर काढला की एकदम शांत. इंटरफेस खराब झालाय का? नवीन घेऊ?

उत्तर : थांबा, पैसे खिशातच ठेवा. चार्जर काढल्यावर आवाज जातोय म्हणजे इंटरफेस बिचारा बहुतेक निर्दोष आहे. याला म्हणतात ग्राउंड लूप. होतं काय, की तुमचा लॅपटॉप चार्जरमधून बोर्डाला जोडलेला आणि स्पीकरही त्यांच्या तीन पिनच्या प्लगमधून त्याच अर्थिंगला जोडलेले, आणि मधे यूएसबी केबल, इंटरफेस आणि स्पीकरची केबल अशी साखळी आहेच, म्हणजे अर्थिंगला जायला दोन वाटा झाल्या आणि एक गोल पूर्ण झाला. या गोलातून चार्जरचा आणि कंप्युटरच्या आतला कचरा फिरत राहतो आणि तुमच्या केबलच्या जाळीतून जाता जाता सिग्नलमधे मिसळतो. चार्जर काढला की गोल तुटला, विषय संपला.

आधी आवाज नीट ऐका, कारण तोच अर्धं सांगून टाकतो. जाडसर हम्म्म असेल तर ती मेन्सची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण किंवा तिची दुप्पट. शिट्टीसारखं बारीक, माउस हलवल्यावर किंवा स्क्रीन स्क्रोल केल्यावर बदलणारं असेल तर ते कंप्युटरच्या पोटातलं. यूएसबीवर साधा वेग असेल तर सेकंदाला १००० आणि हाय-स्पीड असेल तर ८००० वेळा ठोका पडतो, आणि १००० काय ८००० काय, दोन्ही कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच बसतात, म्हणून ती शिट्टी इतकी ठणठणीत ऐकू येते.

आता हेडफोन इंटरफेसमधे लावा आणि चार्जर चालू ठेवा. हेडफोनमधे शांत पण स्पीकरमधे किर्र असेल तर घोळ इंटरफेस ते स्पीकर या केबलमधेच आहे. जॅकचं टोक जवळून बघा, धातूवर एक काळी पट्टी असेल तर ती अनबॅलन्स्ड केबल, दोन असतील तर बॅलन्स्डवाली टीआरएस. एका पट्टीच्या केबलमधे बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते, त्यामुळे जाळीत जो कचरा येतो तो सरळ गाण्यात. दोन पट्ट्यांच्या केबलमधे तोच सिग्नल एका तारेतून सुलटा आणि दुसरीतून उलटा जातो, स्पीकर दोघांतला फक्त फरक घेतो आणि दोन्हीत सारखाच आलेला कचरा वजा होऊन जातो. बहुतेक इंटरफेस आणि मॉनिटर स्पीकरना दोन्ही बाजूंना ही सोय असते, लोक उगाच गिटारची केबल वापरतात! दहापैकी सात वेळा तरी नुसती केबल बदलून काम झालेलं मी पाहिलंय.

त्यानेही गेलं नाही तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, गोल जितका लहान तितका त्रास कमी. मग लॅपटॉपला लावलेल्या बाकीच्या वायरी एकेक करून काढत जा. मी एकदा अख्खी संध्याकाळ इंटरफेसला शिव्या घातल्या आणि शेवटी चोर निघाला बाहेरच्या स्क्रीनची एचडीएमआय केबल, तिच्यातूनही अर्थिंगला तिसरी वाट होती. सगळं करून थकलात तर यूएसबी आयसोलेटर (डेटा पुढे जाऊ देऊन तारेचा संबंध तोडणारी डबी) घ्या, फक्त त्यावर हाय-स्पीड लिहिलंय का बघा, कारण साधे आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटवरच थांबतात आणि हल्लीचे बरेच इंटरफेस ४८० वर चालतात, मग ते ओळखलेच जात नाहीत.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. कोणीतरी हमखास सांगतो की स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाक, आवाज जाईल. जाईल हो, आवाज जाईल, पण आत वायर सुटून पत्र्याला टेकली तर तो करंट मग तुमच्यातून जाईल.

प्रश्न : लॅपटॉपला एक हब लावलाय, त्यावर इंटरफेस, मिडी (वाद्यं आणि कंप्युटरमधे सूर-तालाचे निरोप नेणारी पद्धत) कीबोर्ड, बाहेरची हार्ड डिस्क आणि चार्जरही त्यातूनच. कंडेन्सर माइकसाठी फँटम (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज) चालू केलं की इंटरफेस अधूनमधून गायब होतो, रेकॉर्डिंग अर्ध्यात मरतं.

उत्तर : हिशोबच करून टाकू. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर देतो म्हणजे २.५ वॅट, यूएसबी ३ चा ९०० म्हणजे ४.५ वॅट. टाइप-सी १५ वॅटपर्यंत देऊ शकतो, पण देईलच असं नाही. आता तुमचा इंटरफेस त्या ५ व्होल्टचे ४८ व्होल्ट करून माइकला पाठवतोय, तेही स्वतःचं पोट भरून, आणि त्याच ताटात हार्ड डिस्क जेवायला बसलीय जी फिरायला सुरू होताना एकदम जास्त ओढते. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि इंटरफेस मान टाकतो.

इंटरफेस हबवरून काढा आणि थेट लॅपटॉपमधे लावा, बाकीची वरात राहू दे हबवर. लॅपटॉपला पोर्टच एक असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लागेल, दुसरा इलाज नाही. आणि चार्जर हबमधून येत असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना त्याला हात लावू नका, कारण चार्जर काढला-घातला की बरेच हब पॉवरचा व्यवहार नव्याने ठरवतात आणि त्या क्षणभरात त्यावरचं सगळं एकदा बंद होऊन पुन्हा चालू होतं. तुमचं हे गायब होणं चार्जरच्या ढिल्या पिनमुळेही असू शकतं, ती एकदा हलवून बघा.

प्रश्न : बॅटरीवर चालणारं ग्रूव्हबॉक्स (ताल आणि सूर वाजवणारं छोटं यंत्र) आहे, लॅपटॉपशी यूएसबीने जोडलं की टेम्पो छान जुळतो पण त्याच्या ऑडिओत खरखर येते. वेगवेगळं वापरलं तर दोन्ही स्वच्छ.

उत्तर : पहिल्या पत्रातलीच भानगड, फक्त इथे गोल यूएसबी आणि ऑडिओ केबल मिळून झालाय. ग्रूव्हबॉक्सला जुनी मिडीची जागा असेल तर यूएसबी काढून टाका आणि इंटरफेसच्या मिडी आउटमधून त्याच्या मिडी इनमधे केबल लावा. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून त्याच्या इनमधे ऑप्टोकपलर असतो, म्हणजे आलेला सिग्नल आत एक बारीक दिवा लावतो आणि पलीकडचा सेन्सर तो उजेड वाचतो, मधे तारेचा संबंधच नाही, मग कचरा येणार कुठून? मला ही जुन्या लोकांची युक्ती फार आवडते. जागा पाच पिनची नसून छोट्या ३.५ मिलिमीटरची असेल तर कन्व्हर्टर घेताना टाइप ए की टाइप बी ते मॅन्युअलमधे बघून घ्या, दोन्ही दिसायला सारखेच आणि चुकीचा लावला तर नुसती शांतता.

प्रश्न : सिंथचा (सिंथेसायझरचा) अडॅप्टर हरवला, गिटार पेडलचा ९ व्होल्टचा पडून आहे आणि पिनही बसते. लावू का?

उत्तर : पिन बसते म्हणून लावू नका! पेडलच्या अडॅप्टरमधे बहुतेक वेळा मधे निगेटिव्ह असतो आणि बऱ्याच सिंथना मधे पॉझिटिव्ह लागतो, उलटं लागलं तर सिंथ जायची शक्यता आहे. दोन्हीवर गोलाचं आणि अधिक-उण्याचं छोटं चित्र असतं, ते जुळलं पाहिजे. व्होल्ट तेवढेच हवेत, मिलीअँपिअर सिंथवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतील, जास्त असल्याने काही बिघडत नाही, सिंथ लागेल तेवढंच घेतो. आणि अडॅप्टरवर डीसी लिहिलंय की एसी तेही वाचा, काही जुन्या सिंथना खरोखर एसी लागतो. चित्र पुसलं गेलं असेल तर मल्टिमीटरने मोजा, तो नसेल तर लावूच नका.