८०० किलोमीटरवरून उपग्रह समुद्राच्या लाटेची उंची कशी मोजतो?

एकेक लाट तो मोजत नाही, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. इस्रो आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा ‘सरल’ उपग्रह घ्या (२०१३). त्यातला रडार सरळ खाली रेडिओ लहरींचा छोटा स्पंद सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्र शांत असेल तर प्रतिध्वनी एकदम उसळतो. खवळलेला असेल तर आधी लाटांच्या माथ्यावरून परततो, मग खळग्यांतून, त्यामुळे हळूहळू चढतो. माथा आणि खळगा यांत २ मीटरचा फरक असेल, तर जाऊन-येऊन ४ मीटर, म्हणजे जेमतेम १३ नॅनोसेकंद! ही चढण किती तिरपी आहे यावरून लाटांची उंची निघते. ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणून ‘३ मीटर’ असा इशारा वाचला तरी एखादी लाट ५-६ मीटरची येऊ शकते.

लाटांची दिशा मात्र या रडारला कळत नाही. ते काम युरोपच्या सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांवरच्या प्रतिमा घेणाऱ्या रडारचं.

शिवाय उपग्रह आपल्या वाटेखालची चिंचोळी पट्टीच बघतो. उरलेला समुद्र वाऱ्याच्या माहितीवर चालणारं संगणकीय मॉडेल भरून काढतं आणि मोजमापांनी त्याची चूक सुधारली जाते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राचे इशारे मॉडेलवरच निघतात. दक्षिण महासागरातल्या वादळाच्या लाटा केरळला पोचायला काही दिवस घेतात, म्हणून तिथे वारा नसतानाही किनाऱ्यावर पाणी चढणार हे आधी सांगता येतं.