"मॅडम, ह्याची उंची वाढवायला कुठली पावडर देऊ?"

मागच्या वर्षी एक आई आली होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय), पिशवीत उंची वाढवायच्या पावडरचे तीन डबे, आणि खुर्चीत टेकायच्या आधीच हा प्रश्न. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, उंची साधारण साडेतीन वर्षांच्या पोराएवढी. अकॉन्ड्रोप्लेशिया (हाडांची वाढ कमी होऊन उंची खुंटते, ती जन्मजात स्थिती) हे निदान तो तान्हा असतानाच झालेलं, फाईल पण होती, पण ती कुणी नीट वाचलीच नव्हती कारण घरातलं निदान वेगळं होतं, सूनबाईने ग्रहणात भाजी चिरली!

मी आधी तेच घेतलं. म्हटलं ग्रहणाचा संबंध नाही, तुमच्या खाण्यापिण्याचा पण नाही. एफजीएफआर३ नावाचा एक जीन हाडांच्या वाढीला ब्रेक लावतो, ह्याच्यात तो ब्रेक जरा जास्तच दाबला गेलाय, बस. अशी दहातली आठ मुलं साधारण उंचीच्या आईबापांनाच होतात, आणि बोट दाखवायचंच तर (मी दाखवत नाही) वडिलांचं वय जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते. इतका वेळ मोबाईलमध्ये असलेला नवरा एकदम सरळ बसला 😄

पावडरने हा ब्रेक सुटत नाही. रोजच्या इंजेक्शनचं एक औषध २०२१ पासून परदेशात आलंय पण ते जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बोला, माझा तो प्रांत नाही.

पण ह्या उंचीच्या नादात कान राहून गेले होते ना. वर्गात लक्ष नसतं अशी शाळेची तक्रार, आणि घरच्यांना वाटायचं बुद्धीपण कमी असेल. बुद्धी अगदी नॉर्मल असते हो. ह्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं, टेस्टला पाठवलं तर तेच निघालं. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगायला लावलं.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. मला वाटलं चिडवण्याचं सांगेल, बुटबैंगण म्हणतात वगैरे, ते त्याने एका वाक्यात उरकलं आणि म्हणाला, "सगळे मला उचलून का घेतात?" बाई उचलून बाकावर बसवतात, आजी उचलून बेसिनपाशी नेते, लग्नात तर कोण कुठल्या काकू येऊन गाल ओढून थेट कडेवर. अहो नऊचा पाढा येतो त्या पोराला!

म्हणून कामाची यादी त्यालाच विचारून केली. बेसिनपाशी स्टूल, बाथरूमची कडी खाली, वर्गात पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली पाट. शाळा कुरकुर करायला लागली, पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ड्वार्फिझम (म्हणजे अशी खुंटलेली उंची) आहे, त्यामुळे हे मागणं हक्काचंच. दिव्यांग कार्ड काढलं की शिक्का बसेल असं वडिलांचं म्हणणं होतं, त्यावर दोन सेशन गेली, शेवटी पॅरिसला २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भालाफेकीत गोल्ड मिळवणाऱ्या, स्वतः ड्वार्फिझम असलेल्या नवदीप सिंगचा व्हिडिओ त्यांनी स्वतःच शोधून लेकाला दाखवला आणि पुढच्या आठवड्यात फॉर्म भरला.

आजींचं ग्रहण काही सुटलेलं नाही. पण आता त्या आधी विचारतात, "उचलू का रे?" तो बहुतेक वेळा नको म्हणतो, झोप आली असेल तर हो म्हणतो.