ग्रेपचा निकाल त्याच फाइलमध्ये वळवला तर फाइल रिकामी का होते?

सर्वात आधी: ती फाइल एखाद्या एडिटरमध्ये अजून उघडी असेल तर रीलोड करू नका, तिथूनच पुन्हा सेव्ह करा. नसेल तर बॅकअप शोधा, कारण या प्रकाराला अनडू नाही.

ग्रेप म्हणजे फाइलमधून हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देणारी कमांड. तुम्ही ती अशी चालवली होती (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची):

ग्रेप 'अयशस्वी' नोंदी > नोंदी

यातलं > हे चिन्ह ग्रेपपर्यंत पोचतच नाही. ते शेलसाठी, म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी असतं. एंटर दाबलं की शेल आधी उजवीकडची फाइल लिहिण्यासाठी उघडतं, उघडतानाच कोरी करतं आणि त्यानंतर ग्रेपला सुरू करतं. ग्रेप वाचायला जातं तेव्हा आत काहीच उरलेलं नसतं. खात्री करायची असेल तर एखाद्या निरुपयोगी फाइलवर ग्रेपचं स्पेलिंग मुद्दाम चुकवून पाहा. कमांड सापडली नाही असा संदेश येईल, तरीही फाइल रिकामी झालेली असेल.

कोणी सुचवेल की कॅट या कमांडने फाइल वाचून ती पाइपमधून (एका कमांडचा निकाल थेट दुसरीला देणाऱ्या | चिन्हाने) ग्रेपला द्या आणि शेवटी > नोंदी लिहा. तसं करू नका. पाइपच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे कॅट आधी वाचेल की फाइल आधी कोरी होईल याचा काही भरवसा नाही.

खात्रीचा मार्ग हा (एमव्ही म्हणजे फाइलचं नाव बदलणारी कमांड):

ग्रेप 'अयशस्वी' नोंदी > नवी && एमव्ही नवी नोंदी

इथे && फार मोलाचं आहे. ओळ सापडली तर ग्रेप 0 परत देतं, नाही सापडली तर 1, आणि फाइल वाचताच आली नाही वगैरे अडचण असेल तर 2. शेल पुढचा भाग फक्त 0 आल्यावर चालवतं. म्हणजे शोधशब्द चुकीचा टाइप झाला आणि एकही ओळ जुळली नाही, तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. त्याजागी अर्धविराम (;) टाकला असता तर रिकामी 'नवी' जुन्या फाइलवर जाऊन बसली असती.

बॅश हे शेल वापरत असाल तर बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'सेट -ओ नोक्लॉबर' ही ओळ आजच घाला. मग असलेल्या फाइलवर > चालवलं तर शेल नकार देतं. जाणूनबुजून पुसायचीच असेल तेव्हा >| वापरता येतं. >> मात्र पूर्वीसारखंच शेवटी भर घालत राहतं. सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लावावं असं माझं ठाम मत आहे.

निकाल फाइलमध्ये गेला तरी 'परवानगी नाही' असे संदेश स्क्रीनवर का दिसतात, हेही तुम्ही विचारलंय. ते वेगळ्या वाटेने, चुकांच्या संदेशांसाठी असलेल्या क्रमांक 2 च्या प्रवाहातून येतात आणि साधं > फक्त क्रमांक 1, म्हणजे नेहमीचा निकाल, वळवतं. म्हणून (-आर म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींत शोध):

ग्रेप -आर 'अयशस्वी' लॉग > निकाल 2> तक्रारी

दोन्ही एकाच फाइलमध्ये हवे असतील तर > निकाल 2>&1 याच क्रमाने लिहा. शेल डावीकडून उजवीकडे जातं, त्यामुळे 2>&1 आधी लिहिलं तर क्रमांक 1 तेव्हा जिथे आहे तिथे, म्हणजे स्क्रीनवरच, तक्रारी जात राहतात.