वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खातात. चालेल का?

रोज नको. त्यात तुम्ही लिहिलंय की बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली आहे, आणि वडील यावलला केळीच्या बागेत राबतात. म्हणजे जास्तच जपायला हवं.

हायड्रोक्लोरोथायझाइडने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. टेल्मिसार्टन आणि डायक्लोफिनॅक, दोन्ही आपापल्या परीने किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतात. तिन्ही एकत्र, वर आपल्याकडचं मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन! किडनी अचानक बसू शकते. शिवाय डायक्लोफिनॅकने बीपी वाढतं, पोटात अल्सर होऊ शकतो.

आमचे आबाही ‘काही व्हत नही’ म्हणत पट्टी संपवायचे. मी एकदा पट्टी उलटी करून डावीकडची उभी लाल रेघ दाखवली. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. तेव्हा कुठे ऐकलं.

बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, कधी कधी ती थोडे दिवस थांबवायला सांगतात. लघवी कमी होणं, पायावर सूज, काळी शौच, दम लागणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किंवा चोळायचं मलम चालेल का ते विचारा. जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, पाठदुखीची ‘आयुर्वेदिक’ पुडीसुद्धा. आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं होतं?