गोल्फ जीटीआय की गोल्फ आर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा, आता म्युनिकला असतो. बायको, शाळेत जाणारी दोन मुलं. रोज ऑटोबानने (जर्मन महामार्गाने) ऑफिस, हिवाळ्यात कधीतरी शनिवार-रविवारी गार्मिशकडे बर्फात. फोक्सवॅगनची गोल्फ घ्यायची हे नक्की, पण जीटीआय की आर ते ठरत नाहीये. मित्र म्हणतात बर्फ पडतो तिथे ऑल व्हील ड्राइव्हच पाहिजे. खरंय का?

उत्तर: अर्धं खरंय. आर ऑल व्हील ड्राइव्ह, जीटीआयची ताकद फक्त पुढच्या चाकांना. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निसरड्यावरून पटकन निघते, चढावर थांबलेली परत हलते, पण ब्रेक मारताना त्याचा काही उपयोग नाही, ब्रेक दोन्ही गाड्यांना चारही चाकांवरच असतात आणि गाडी थांबवतात ते शेवटी टायर. उलट आर बर्फावर इतक्या सहज स्पीड पकडते की रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही, कळतं ते थेट पुढच्या वळणावर, आणि मागे मुलं बसलेली असताना मला याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून आधी पैसे चांगल्या विंटर टायरवर घाला. जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर ते कायद्यानेच लागतात, आणि ऑक्टोबर 2024 पासून टायरवर नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, डोंगर आणि हिमकणाचं चिन्हच हवं. कायद्याने 1.6 मिमी खोल नक्षी चालते, पण 4 च्या खाली गेली की बर्फासाठी तो टायर संपला असं समजा, ऑस्ट्रियात तर तो विंटर टायर म्हणून धरतच नाहीत. आणि घाटात निळ्या गोल पाटीवर साखळी लावलेलं चाक दिसलं ना, की आरवाल्यालाही खाली उतरून साखळ्या लावाव्याच लागतात.

आता ताकद. नवीन जीटीआय 265 पीएस (हॉर्सपॉवर), आर 333, ताशी शंभर किमीला जीटीआय 5.9 सेकंदात पोचते, आर 4.6 मध्ये. पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि वळायचंही म्हटलं की स्टिअरिंग हातात खेचतं, फोर्डने 2009 च्या फोकस आरएसला 305 पीएस पुढच्या चाकांवर दिले तेव्हा त्यासाठी पुढचं सस्पेन्शनच वेगळं बनवावं लागलं, आणि पुढच्या पिढीत 350 दिले तेव्हा सरळ चारही चाकांवर गेले. 265 ला तेवढी वेळ येत नाही. ओल्या सिग्नलवरून जोरात निघालात तर चाकं थोडी फिरतील, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकेल, बस. वळणातून बाहेर पडताना मात्र जीटीआयचा इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक काय काम करतो ते टेस्ट ड्राइव्हला नक्की बघा, आतलं हलकं झालेलं चाक नुसतं फिरत बसत नाही, ताकद बाहेरच्या चाकाला जाते आणि गाडीचं नाक वळणात आत ओढलं जातं, फार मजा येते.

खर्चाचं म्हणाल तर आर जड, पेट्रोल जास्त, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं तेल वेळेवर बदलायचं, आणि एक टायर फाटला नि बाकीचे बरेच झिजलेले असले तर जोडी किंवा चारही बदलायची वेळ येते. जीटीआयचे पुढचे टायर लवकर झिजतात, ऑक्टोबर-ईस्टरला हिवाळी-उन्हाळी टायर बदलताना पुढचे मागे करून घ्या.

तुमच्यासाठी जीटीआयच. घर डोंगरात असतं आणि रोज सकाळी बर्फातून चढ चढायचा असता तर आर म्हणालो असतो.

प्रश्न: पुण्यात राहतो, दर पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात जातो. फ्रंट व्हील ड्राइव्ह जीटीआय पावसात झेपेल का?

उत्तर: झेपेल. भारतात 2025 मध्ये आली तीही फ्रंट व्हील ड्राइव्हच, तेव्हा किंमत होती 53 लाख एक्स-शोरूम. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागली की कितीही चाकांना ताकद द्या, फरक पडत नाही, स्पीड कमी आणि टायरची नक्षी खोल एवढंच वाचवतं. जूनच्या आधी टायर तपासून घ्या, आणि गावातल्या उंच स्पीडब्रेकरवर खालून घासणार नाही ना तेवढं बघा.