साखळीत असताना इतर कुत्र्यांवर धावून जाणारा कुत्रा
आपला कुत्रा साखळीत असताना इतर कुत्र्यांवर धावून जातो, त्यामागे बहुतेकदा रागापेक्षा भीती असते; म्हणून साखळीला हिसका देणे ही नवख्यांची पहिली चूक ठरते, कारण समोर कुत्रा दिसला की आपला गळा आवळतो, एवढेच तो त्यातून शिकतो. सिद्धेश्वर तलावाकाठची संध्याकाळची गर्दी तूर्त टाळून त्याला पहाटे रुंद, मोकळ्या रस्त्याने न्यावे (सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्या पंजांनाही तेच सोसते). ज्या अंतरावर दुसरा कुत्रा दिसताच आपला कुत्रा कान टवकारतो, पण हाक मारल्यावर वळून पाहतो, ते अंतर ओळखावे, मग ते ५० पावले का असेना, आणि तेथेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा लगेच भरवावा. अंतर कमी करण्याची घाई करू नये. मी केली होती आणि महिन्याभराची मेहनत वाया गेली. वागणे अचानक बदलले असल्यास मात्र आधी पशुवैद्यांना दाखवावे, कारण दुखण्यानेही कुत्रा चिडतो.